आधी आत ढकल

१

ज्याने कोणी हे कनेक्टर टाकीच्या डोक्यावर बसवायचं ठरवलं, त्याने ते स्वतःच्या हाताने एकदाही काढलेले नाहीत. हे मी शपथेवर सांगते. तो स्वच्छ टेबलाशी बसला असेल, पडद्यावर टाकी गोल फिरवून बघितली असेल आणि ‘बसतंय’ म्हणून जेवायला उठला असेल. बसतंय हे खरंच. काढायचं काय? काढणाऱ्याचं कोपर, खांदा, बोटांची जाडी यांना त्याच्या चित्रात जागाच नव्हती. मला त्याचं नाव माहीत नाही, म्हणून मी त्याला रोज नव्या नावाने हाक मारते. कॉलेजात चार वर्षं मीही अशीच चित्रं काढली, त्यामुळे हा राग थोडा घरातलाच आहे.

डिझेलच्या ट्रकची टाकी उतरवायची तर तिच्या डोक्यावरच्या तीन नळ्या आधी सोडवाव्या लागतात. एक इंजिनाकडे जाणारी, एक उरलेलं डिझेल परत आणणारी आणि एक हवेची. प्रत्येकीच्या टोकाला प्लास्टिकचा कनेक्टर आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोन चिमटे. आमच्या गॅरेजात त्यांना कान म्हणतात. दोन्ही कान एकदम दाबले की पकड सुटते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. रस्त्याची धूळ आणि डिझेल मिळून चार-पाच वर्षांत त्या कानांमागे जे काही तयार होतं, त्याबद्दल पुस्तक गप्प असतं.

बाबांचा त्यावरचा नियम एका ओळीचा आहे. ‘ओढू नकोस. आधी आत ढकल.’

अडकलेला कनेक्टर ओढला की आतली पकड आणखी आवळते. उलट नळी आधी थोडी आत ढकलली की मळ हलतो, पकड सैल होते, मग कान दाबायचे आणि सावकाश मागे घ्यायचं. मला हे सगळं कळतं. तरी माझा हात आधी ओढतोच. दहा महिन्यांत मी सात कनेक्टर तोडले. बाबांनी त्यातला एकही फेकला नाही. तारेत ओवून दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवले. गिऱ्हाइकांना ते अभिमानाने दाखवतात, ‘हा आमच्या इंजिनियरचा हार.’

दहा महिने अशासाठी, की दहा महिन्यांपूर्वी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी नोकरी सोडून घरी आले. पाय बराचसा परतला. बोलणं तर दुसऱ्याच आठवड्यात परतलं, आणि आईच्या मते जरा जास्तच. हात मात्र आला नाही.

रोज सकाळी चहाच्या आधी मी माझी दोन बोटं त्यांच्या उजव्या मुठीत देते. ते दाबतात. मी सांगते, ‘कालच्याएवढंच.’ किंवा, ‘कालपेक्षा कमी.’ त्यांच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं आहे. मी शाळेत असताना एक स्प्रिंग उसळून लागली होती, तेव्हापासून ते तसंच दुभंगून वाढतं. त्या चिरेची कड माझ्या बोटाला लागते. दाब असा जवळजवळ नसतोच. चीर लागते, म्हणून बोट तिथे आहे एवढं कळतं.

शेजारी येतात, मावशी येते, सगळे म्हणतात, ‘बराच फरक आहे हो.’ मला याची चीड येते. आजारी माणसाशी गोड खोटं बोलणं म्हणजे त्याला माणसांतून उठवणं. मी तसं करणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाबा त्यावर म्हणाले होते, ‘म्हणूनच बोटं तुझी घेतो. तू सांगशील ते खरं.’

भिंतीवर त्यांच्या हत्यारांचा फळा आहे. प्रत्येक पान्यामागे पांढऱ्या रंगात त्याची आकृती काढलेली, म्हणजे कुठलं हत्यार जागेवर नाही ते लांबूनही दिसावं. सगळं त्यांच्या उंचीने लावलेलं. वरच्या ओळीसाठी मला खोका ओढावा लागतो. त्या सोमवारी ते सहज बोलावं तसं म्हणाले, ‘शनिवारी मॅडम येऊन गेल्या की फळा उतरवू. तुझ्या उंचीने लावू.’

मॅडम म्हणजे व्यायामाच्या मॅडम. महिन्यातून एकदा येतात, बाबांच्या मुठीत एक यंत्र देतात आणि काटा वाचतात. सहा महिने काटा तीनवर होता.

‘मला खोका चालतो,’ मी म्हटलं.

‘मला चालत नाही,’ बाबा म्हणाले. ‘गॅरेज एकाच्याच उंचीचं असतं.’

२

गुरुवारी सकाळी पैलवान ट्रक घेऊन आला. हा ड्रायव्हर काडीसारखा बारीक आहे, म्हणून पैलवान. ट्रक त्याच्याकडे नवीनच होता.

‘टाकीला घाम येतोय, ताई,’ तो म्हणाला. ‘खालच्या सांध्यातून. थेंब पडत नाही, पण बोट लावलं की ओलं.’

‘याआधी कोणी उतरवली होती?’

‘उतरवली असेल. मला काय विचारता? मी तर आत्ता आलोय तिच्या आयुष्यात.’

डिझेल पिंपात काढून घेतलं. पैलवान चावी देऊन झोपायला गेला. मी टाकीचे पट्टे सैल करायला गेले आणि थांबले. एरवी पट्टे सोडून टाकी वीतभर खाली घेतली की कनेक्टर डोळ्यांना दिसतात. इथे कोणीतरी नळ्या कापून आखूड जोडल्या होत्या. टाकी खाली आली असती तर नळ्या ताणून तुटल्या असत्या. म्हणजे टाकी जागेवरच ठेवून, टाकी आणि वरची ट्रकची बॉडी यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत हात घालायचा, आणि जे दिसत नाही ते चाचपून सोडवायचं.

केबिनच्या मागे उकिडवं बसून मी खांद्यापर्यंत हात आत घातला. गाल टाकीला टेकला तेव्हा कुठे बोटांची टोकं पोचली. हवा मारली, स्प्रे मारला, थांबले, पुन्हा मारला. एका हाताने नळी आत ढकलली तर कान दाबायला बोटं उरत नव्हती. कान धरले तर ढकलता येत नव्हतं. दोन तासांत माझ्या दंडावर लाल पट्टा उठला आणि त्या अनोळखी टेबलवाल्याची मी सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली.

‘किती वेळ भांडणार आहेस त्याच्याशी?’ दाराजवळच्या खुर्चीतून बाबा म्हणाले.

‘तो ऐकत नाही.’

‘याला दोघं लागतात. एक इकडून, एक तिकडून.’

‘माझे दोन्ही हात इकडूनच आहेत.’

‘म्हणून तर मी येतोय.’

आई आतल्या मांडणीवर पार्ट लावत होती. तिथूनच म्हणाली, ‘अहो, बसा गप.’

‘बसूनच करणार आहे. स्टूल दे.’

‘स्टूल देते, पण पडलात तर उचलायला मी येणार नाही.’

‘दहा महिने कोण उचलतंय?’

‘म्हणूनच म्हणतेय. कंटाळा आला.’ असं म्हणत तिने स्टूल आणून मागच्या चाकाजवळ ठेवलं, ते हलतंय का ते स्वतः बसून बघितलं, आणि मग त्यांना बसवलं.

चाकाजवळून फटीत फक्त उजवा हात जातो. डावा घालायचा तर माणसाला चाकातच बसावं लागलं असतं. बाबांनी डाव्या हाताने उजवा उचलला आणि झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसा फटीत ठेवला. मग खांद्याने त्याला पुढे सरकवलं. एवढं बघून मी माझ्या बाजूला गेले. आमच्या मध्ये टाकीची सगळी लांबी आणि बॅटरीची पेटी होती. एकमेकांना आम्ही दिसत नव्हतो.

‘पोचलो का ते तूच सांग,’ त्यांचा आवाज आला. ‘मला बोटांचं काही कळत नाही.’

मी हात घातला. गाल टाकीला. जाणाऱ्या नळीचा कनेक्टर सापडला. त्याच्यावर क्षणभर काही नव्हतं. मग पलीकडून दोन बोटं आली आणि अगदी बेताने, माझ्या बोटांना जागा देत, दोन्ही कानांवर बसली.

‘आलात,’ मी म्हटलं. ‘आता जमेल तेवढं दाबा.’

नळी आत ढकलली. कान दबले. खट् झालं आणि नळी माझ्या हातात आली. तिच्यात उरलेलं डिझेल धारेने माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

‘बाबा,’ मी ओरडलेच, ‘दाबलंत की तुम्ही!’

पलीकडून अगदी बारीक आवाजात, मी आयुष्यात कधी न ऐकलेल्या, ‘दाबलं?’

‘दाबलंत.’

३

ते खुर्चीवर परत बसले ते माणूस लग्नात बसतो तसे. आईला दोनदा सांगून झालं.

‘ऐकलं का, कान दाबला मी. दोन तास हिला जमत नव्हतं.’

‘ऐकलं. हात द्या इकडे, पुसू दे.’

आईने फडकं ओलं करून त्यांचा उजवा हात पुसायला घेतला. मी नळाखाली कोपर धूत होते. साबणाचे तीन हात झाले तरी डिझेल जात नव्हतं. सहज मागे बघितलं. आईने बोटं पुसली, तळवा पुसला, मनगट पुसलं आणि फडकं घडी करून ठेवलं. फडक्यावर नुसती धूळ होती. डिझेलचा डाग नव्हता, काळा मळही नव्हता.

धार माझ्या बाजूला आली, मी मनाशी म्हटलं. टाकीला उतार माझ्या बाजूला आहे. मी पाणसळ लावून उतार बघितला. होता. एक बोटभर. मला बरं वाटलं.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. त्यांच्यासमोर बसले आणि दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली.

‘आत्ता? सकाळी झालं की.’

‘पुन्हा.’

त्यांनी दाबलं. कपाळावरची शीर उठली. नखाची चीर लागली. बाकी काही लागलं नाही.

‘काय म्हणतं?’ त्यांनी विचारलं.

‘सकाळएवढंच.’

ते हसले. ‘मग तिथे कसं जमलं?’

मी वाचलं होतं की कधीकधी हात सांगितलेलं ऐकत नाही, पण सवयीचं काम समोर आलं की आपोआप करतो. तीस वर्षं ही बोटं कनेक्टरवर जात आली. मेंदूच्या वाटेने नाही तर दुसऱ्या कुठल्या वाटेने जात असतील. मी त्यांना हे नीट समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, विद्यार्थी ऐकतो तसे.

‘म्हणजे हात विसरलेला नाही,’ ते म्हणाले.

‘नाही.’

‘मीच विसरलोय.’

‘तसंच काहीतरी.’

‘चल मग,’ ते उठले सुद्धा. ‘परतीची काढू. गरम आहे तोवर.’

४

दुसऱ्या वेळी मी तयारीने हात घातला. चाचपणीचं काम करताना माणूस नको तेवढं बघतो, फक्त डोळ्यांनी नाही एवढंच. बॉडीच्या फळ्यांवर आईच्या पावलांचा आवाज येत होता. नाही, आई जमिनीवर होती, आवाज मांडणीतल्या डब्यांचा होता. बाबा पलीकडे कुठलीशी चाल गुणगुणत होते. टाकी रिकामी असली की आवाज तिच्यात शिरतो आणि थोडा उशिरा बाहेर येतो. त्यामुळे गुणगुणणं दोनदा ऐकू येत होतं. एकदा चाकाजवळून, एकदा माझ्या गालाखालून.

परतीच्या नळीचा कनेक्टर सापडला. दोन बोटं आधीच कानांवर होती. वाट बघत.

मी माझं बोट त्यातल्या एकावर सरकवलं. गार होतं. टाकी गार होतीच. सांध्यावर सरकवलं, पुढे, टोकापर्यंत. पहिलं बोट होतं, त्यात शंका नव्हती. अंगठा पलीकडच्या कानावर होता. नखावर आले. नख गुळगुळीत होतं. मी पुन्हा कडेपासून कडेपर्यंत गेले. कुठेही चीर नव्हती.

‘बाबा,’ मी म्हटलं. आवाज नेहमीसारखा ठेवला. ‘हात कुठवर आलाय तुमचा?’

‘पट्ट्यापर्यंत. पुढे जात नाही, कोपर अडतंय बघ. का? पोचत नाही का?’

पट्टा माझ्यापासून हातभर लांब होता.

माझ्या बोटाखालची बोटं हलली नाहीत. घाई केली नाही. त्यांना जणू माहीत होतं की मला थोडा वेळ लागेल.

हात बाहेर काढायचा होता. काढून, उभं राहून, सरळ सांगायचं होतं, बाबा, तिथे तुम्ही नाही आहात. माझ्यासारखी मुलगी याहून वेगळं काही करेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण पलीकडे गुणगुणणं थांबलेलं होतं आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. मला वरच्या ओळीतल्या पान्यांच्या पांढऱ्या आकृत्या दिसल्या, आणि त्यांच्यावर दुसरा रंग मारणारी मी.

‘पोचलाय,’ मी म्हटलं. ‘दाबा.’

कान दबले. मी ढकललं, मागे घेतलं. खट्. परतीची नळी सुटली.

‘झालं?’

‘झालं.’

‘मी दाबलं ना? खरं सांग. तू सांगशील ते खरं.’

माझा गाल अजून टाकीला होता. ‘तुम्हीच दाबलंत,’ मी टाकीला सांगितलं.

५

आईने चहा आणला. बाबांनी कप उजव्या हातात घ्यायचा प्रयत्न केला, आईने ओरडून तो काढून घेतला, आणि दोघं बराच वेळ हसत राहिले. मी माझा कप तसाच ठेवला.

‘हवेची मी उद्या काढते,’ मी म्हटलं. ‘एकटी. ती सोपी असते.’

‘घाई कुठे गेली तुझी?’ बाबा म्हणाले. ‘दहा महिन्यांत पहिल्यांदा उद्या म्हणालीस.’

‘पैलवान येईल संध्याकाळी,’ आई म्हणाली. ‘आणि यांना आता झोप लागणार आहे का? करून टाका.’

मी विजेरी घेतली. फटीत विजेरी आणि हात एकदम मावत नाहीत, त्यामुळे आधी नुसतं बघितलं. उजेड पहिल्या हातभर जागेपुरता गेला. धूळ, कनेक्टर, मोकळ्या दोन नळ्यांची तोंडं, तिसरी जागेवर. पुढे काळोख. काळोखापलीकडे बाबांच्या बाजूची उजेडाची आडवी रेघ. मध्ये काही नव्हतं. अर्थात नव्हतं. पलीकडे बाबा स्टुलावर बसून हात आत सरकवत होते. मी विजेरी बंद करून माझा हात घातला.

हवेचा कनेक्टर खरंच सोपा निघाला. कान दबलेलेच होते. मी ढकललं, खट्, नळी सुटली. सगळं मिळून एक श्वास. मी हात मागे घ्यायला लागले आणि माझी दोन बोटं कोणीतरी मुठीत घेतली.

सकाळी चहाच्या आधी मी देते तीच दोन.

मूठ घट्ट होती. दुखेल अशी नाही. बऱ्याच दिवसांनी भेटलेलं माणूस हात हातात घेतं आणि बोलत राहतं, तशी. मी ओढलं. ती आवळली. मी आणखी ओढलं, खांदा टाकीच्या कडेला घासला, आणि ती तेवढीच आणखी आवळली.

‘काय झालं?’ पलीकडून बाबा.

‘अडकलंय.’

‘ओढतेस का?’

मी पुन्हा हिसका दिला.

‘ओढतेसच,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चहाची ऊब होती. ‘किती वेळा सांगायचं गं? ओढलं की धरणारच ते. घाबरू नकोस. आधी आत ढकल.’

त्यांना कनेक्टर म्हणायचं होतं. मला माहीत आहे त्यांना कनेक्टरच म्हणायचं होतं.

मी डोळे मिटले. तिथे डोळ्यांचा काही उपयोग नव्हता, तरी मिटले. आणि हात पुढे नेला. जिथून पळायचं होतं तिकडे. बोटं, मनगट, कोपर. खांदा फटीत रुतला, कान टाकीवर दबला गेला, आणि आत, रिकाम्या पत्र्यात, कोणीतरी थांबवून धरलेला श्वास सोडावा तसा एक लांब आवाज झाला. टाकीची हवेची नळी आताच सुटली होती. हवा शिरली असेल. माझा तळहात एका तळहाताला टेकला. तो क्षणभर तसाच राहिला. मग मूठ उघडली, एकेक बोट करून, आणि त्याने मला मागे लोटलं. हलकेच. सायकल शिकवताना बाबा लोटत असत तेवढंच.

मी हात बाहेर घेऊन खाली बसले. मग वाकून फटीत बघितलं. का बघितलं ते विचारू नका. पलीकडची उजेडाची रेघ मला दिसायला हवी होती, म्हणून.

रेघ दिसली. तिच्यात बाबांचा हात दिसला, लांब, पट्ट्याजवळ, ठेवला तसा पडलेला. पंजा उपडा होता. आणि त्या पंज्यावर आणखी काहीतरी ठेवलेलं होतं. झोपलेल्या माणसाच्या हातावर आपण ठेवतो तसं. त्यात काही घाई नव्हती.

‘सुटलं का?’ बाबांनी विचारलं आणि हात बाहेर काढला. फट दोन्ही बाजूंनी मोकळी झाली.

‘सुटलं,’ मी म्हटलं.

संध्याकाळी पैलवानाने आणि मी जॅकवर टाकी खाली घेतली. वरच्या धुळीत माझ्या बाजूने माझा हात घासल्याची रुंद वाट होती, कनेक्टरच्या थोडी पुढपर्यंत. बाबांच्या बाजूने एक आखूड वाट होती, पट्ट्याशी संपलेली. दोन्ही वाटांच्या मध्ये दीड वीत धूळ होती. तिच्यावर साधं बोटही उमटलेलं नव्हतं. मी फडकं घेतलं आणि पैलवान बघायच्या आत सगळी धूळ पुसून टाकली.

‘एवढी कशाला चमकवता, ताई?’ तो म्हणाला. ‘परत वरच जाणार आहे ती.’

६

शुक्रवारी सकाळी मी लवकर उठून गॅरेजात गेले. चहाच्या वेळी बाबांनी मूठ पुढे केली तेव्हा माझे हात ग्रीसने भरलेले होते. ते मी भरून ठेवले होते. शनिवारीही.

‘दोन दिवस बोटं देत नाहीये ही,’ त्यांनी आईला सांगितलं.

‘मोठी झाली,’ आई म्हणाली.

मॅडम अकरा वाजता आल्या. नेहमीसारख्या घाईत, खांद्याला पिशवी, कपाळावर गॉगल. बाबा फळ्याखाली खुर्ची टाकून बसले होते; दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मी जवळ उभी होते. खोका माझ्या पायाशी होता. काटा तीनवर राहिला तर मला त्यांना गुरुवारचं सगळं सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं नाही तर त्यांचं पुन्हा माझ्या शब्दावर विसंबणं मला सोसणार नव्हतं. रात्रभर मी हेच घोकत होते. काटा हलला तर काय, याचा विचार मी केला नव्हता.

‘काय काका, काय म्हणतो हात?’

‘हिला विचारा. खरं तीच सांगते.’

मॅडमनी यंत्र त्यांच्या मुठीत दिलं. बाबांनी दाबलं. कपाळावर शीर उठली नाही. मॅडम काट्याकडे बघत राहिल्या, यंत्र हलवून बघितलं, पुन्हा दिलं. पुन्हा बघितलं.

‘एकवीस,’ त्या म्हणाल्या. ‘महिन्यात एकवीस? काय केलंत तरी काय?’

आईने पदराने डोळे पुसले आणि लगेच मांडणीकडे तोंड फिरवलं. बाबांनी वर फळ्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे, आणि मी त्या चेहऱ्यासाठी कुठलंही खोटं पुन्हा बोलले असते. आता त्याची गरज नव्हती. काटा काही माझ्या सांगण्यावरून हलत नाही. मी पायाने खोका परत भिंतीकडे सरकवला. फळा उतरणार नव्हता.

‘थांबा, यंत्रावर माझा भरवसा नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘माझी बोटं दाबा बघू.’

त्यांनी दोन बोटं दिली. बाबांची मूठ त्यांच्यावर मिटली. पहिलं बोट वर होतं, उजेडात. नख बघायला नुसती मान खाली करायची होती. मी फळ्याकडे बघत राहिले. वरची ओळ, डावीकडून पहिला पाना, दुसरा, तिसरा. सगळे आपापल्या आकृतीत.

‘अरे वा,’ मॅडम म्हणाल्या. ‘बास, आता सोडा.’

मूठ मिटलेलीच होती.

‘सोडतोय,’ बाबा हसत म्हणाले. ‘मी तर सोडतोय.’

मॅडमनी हात मागे घेतला. मूठ त्याच्याबरोबर आली. त्यांनी जरा जोर लावला. खुर्ची कुरकुरली. मग त्या थांबल्या, काहीतरी सुचल्यासारखा त्यांनी हात उलट पुढे सरकवला, आणि बाबांची बोटं उघडली. एकेक करून, हलकेच.

मॅडमनी आपली बोटं चोळली आणि कौतुकाने माझ्याकडे बघितलं.

‘ओढलं की धरून ठेवतो हो हा,’ त्या म्हणाल्या. ‘आत ढकललं की लगेच सोडतो. हे काय, तुम्ही शिकवलंत का याला?’